जुन्या इमारतीतली खिडकी बदलताना: परवानगीच्या अर्जापासून पाण्याच्या चाचणीपर्यंत

मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या तीस वर्षांपुढच्या इमारतींत खिडक्यांच्या तीन पिढ्या सापडतात. १९४०च्या आगेमागे बांधलेल्या चाळींत सागवानी चौकट, लोखंडी गज आणि झिलमिलीच्या (तिरक्या पट्ट्यांच्या) झडपा आहेत. त्यानंतरच्या काही दशकांत झेड आकाराच्या स्टील सेक्शनच्या (चौकटीच्या तयार पट्ट्यांच्या) आणि लांबी म्हणजे पुट्टी लावून काच बसवलेल्या खिडक्या आल्या. पुढे कडप्प्याच्या किंवा मार्बलच्या चौकटीत बसवलेली दोन ट्रॅकची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आली. तिन्ही बदलायची वेळ बहुधा एकाच कारणाने येते: पावसाळ्यात पाणी आत येतं, लाकूड कुजतं, लोखंड फुगतं.

फॅब्रिकेटर, म्हणजे खिडकी बनवून बसवणारा, मग एकच मार्ग सुचवतो. जुनी चौकट उखडायची आणि नवी ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) सरकती खिडकी बसवायची. काम दोन दिवसांत होतं, पण चुका याच दोन दिवसांत होतात. बांधकामाचे नियम चौकट कशाची आहे याबद्दल फार काही म्हणत नाहीत. त्यांचा रोख भिंतीतल्या मोकळ्या जागेवर, म्हणजे ओपनिंगवर असतो. ते केवढं आहे, त्यातून हवा किती येते, त्याच्या कडेची भिंत कशावर उभी आहे, हे ते पाहतात. जुन्या इमारतीत खिडकी बदलणाऱ्यानेही सगळ्यात आधी ओपनिंगच सांभाळायला हवं.

दुरुस्ती की बदल?

परवानगीचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे विकासकामाला परवानगी लागते. पण त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या भागात, देखभाल आणि सुधारणेची कामं वगळली आहेत. अट अशी की ती फक्त इमारतीच्या आतल्या भागापुरती असावीत किंवा त्यांनी बाहेरच्या दर्शनी रूपात महत्त्वाचा फरक पडू नये. राष्ट्रीय इमारत संहितेतही खिडकी, दार किंवा झरोका उघडणं-बंद करणं हे परवानगीविना करता येणाऱ्या कामांच्या यादीत आहे. मात्र त्याने रचनेची स्थिरता, आग आणि आरोग्य यांच्या तरतुदी मोडता कामा नयेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्तीला सूट आहे. बांधकामाची आडवी-उभी मापं बदलली किंवा भार पेलणाऱ्या भिंतीचा भाग काढला, की ती सूट मिळत नाही.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. त्याच जागी, त्याच मापाची, साधारण त्याच रूपाची खिडकी बसवत असाल तर ती दुरुस्ती ठरते. सोसायटीची लेखी परवानगी तरीही लागते. पुढच्यापैकी काहीही करायचं असेल तर वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षकामार्फत महापालिकेकडे जायला हवं:

– ओपनिंगची रुंदी किंवा उंची वाढवणं;
– खिडकीखालची भिंत फोडून जमिनीपर्यंत काच आणणं;
– बाल्कनी आणि खोली यांच्यामधली भिंत काढून खिडकी कठड्यावर नेणं;
– भिंतीच्या रेषेबाहेर पेटीसारखी खिडकी किंवा ग्रिल काढणं.

यातला शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त होतो आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. बाहेर काढलेली पेटी इमारतीभोवती मोकळ्या सोडलेल्या सामासिक जागेवर येते. तिचं वजन बहुधा छज्ज्यावर टेकवलेलं असतं, आणि जुन्या इमारतीत छज्जा हाच सगळ्यात अशक्त भाग असतो. विनापरवाना बांधकाम म्हणून नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस आली तर ती पेटी काढावी लागते आणि तिच्यासाठी पाडलेली भोकं छज्ज्यात तशीच राहतात.

मुंबईत सध्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांच्यासह राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. आपल्या वास्तुविशारदाला पहिला प्रश्न हाच विचारा, की आपली इमारत कोणत्या नियमावलीत येते.

कोणाकोणाची परवानगी

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सदनिकेत कोणताही फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. बाहेरची भिंत आणि छज्जा ही सामाईक मालमत्ता आहे. त्यामुळे खिडकीचं आतलं अंग तुमचं असलं तरी बाहेरच्या अंगाबद्दल सोसायटीला बोलण्याचा हक्क आहे. अर्जासोबत खिडकीचं मापांसह रेखाचित्र (बाहेरून दिसणारं आणि उभा छेद), सेक्शनचा प्रकार, काचेचा प्रकार आणि जाडी, रंग, ग्रिल असल्यास त्याचा तपशील, फॅब्रिकेटरचं नाव, कामाच्या तारखा आणि राडारोडा कुठे टाकणार हे द्या. जुन्या आणि नव्या खिडकीची मापं एकाखाली एक लिहा. ती सारखी आहेत हे एका नजरेत दिसलं की समितीचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.

इमारतीतल्या बऱ्याच जणांना खिडक्या बदलायच्या असतील तर सर्वसाधारण सभेत एकच रंग, एकच विभागणी आणि एकच सेक्शन ठरवून घेणं फार फायद्याचं आहे. बांबूची परांची एकदाच बांधावी लागते. छज्ज्यांची दुरुस्तीही त्याच परांचीवरून होते.

पागडीच्या किंवा भाड्याच्या घरात मालकाची बाजू येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने दुर्लक्ष केलं, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही. पागडीचं भाडं पाहता एवढ्यात खिडकीचं बिजागरही येत नाही, म्हणून खर्चाची वाटणी आधी लेखी ठरवावी. कलम १६ मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केल्यास घर खाली करून मागता येतं. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात हवेसाठी आवश्यक असलेली खिडकी उघडणं, दार किंवा जाळी बसवणं यांना मालकाची परवानगी लागत नाही असं म्हटलं आहे. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती मात्र घ्यायला हवी.

मुंबई शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या अखत्यारीत येतात. मंडळाची दुरुस्ती होऊ घातली असेल तर खिडकीचं काम तिच्यानंतर ठेवा. नाहीतर टेकू लावताना नवी चौकट वाकडी होईल.

वारसा यादीतल्या किंवा वारसा परिसरातल्या इमारतीत ‘बाहेरून फारसं बदलत नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारसा स्थळाचा भाग आहेत. तिथल्या स्टीलच्या खिडक्यांच्या बारीक आडव्या पट्ट्या हा त्या रूपाचाच भाग आहे. अशा ठिकाणी वारसा संवर्धन समितीचा अभिप्राय आधी घ्यावा लागतो, आणि शक्य असेल तर जुनी खिडकी दुरुस्त करणंच बरं. गंजलेला खालचा आडवा सेक्शन कापून तसाच नवा वेल्ड करता येतो. सागवानी चौकटीचा कुजलेला तळ कापून नवं लाकूड सांधता येतं. जुनं सागवान इतकं पक्कं असतं की त्याच्या जागी आज बाजारातलं ओलं लाकूड घालणं म्हणजे तोटाच.

हवेचं गणित, जे जवळजवळ कोणीच करत नाही

राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीच्या खिडक्यांचं एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात दिलं आहे: दमट-उष्ण हवामानात एक षष्ठांश, कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश, मधल्या हवामानात एक अष्टमांश. खिडकीचा काही भाग कायमचा बंद असेल तर फक्त उघडणारा भाग मोजायचा, असंही संहिता सांगते.

आता १० बाय १२ फुटांची खोली घ्या. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, एक षष्ठांश म्हणजे २० चौरस फूट. जुनी ५ बाय ४ फुटांची झडपांची खिडकी बरोबर २० चौरस फुटांची आहे आणि ती पूर्ण उघडते. तिच्या जागी दोन ट्रॅकची सरकती खिडकी बसवली की एका वेळी निम्मंच ओपनिंग मोकळं राहतं, म्हणजे १० चौरस फूट. प्रमाण एक द्वादशांशावर येतं. तीन ट्रॅक आणि तीन काचा घेतल्या तर दोन तृतीयांश उघडतं, म्हणजे साधारण साडेतेरा चौरस फूट. कागदावर ओपनिंगचं माप तेच राहतं, म्हणून कोणी हरकत घेत नाही. पण खोलीत येणारी हवा निम्मी होते. दोन-तीन पावसाळ्यांत कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसायला लागते आणि दोष छताच्या गळतीवर जातो.

म्हणून आमचा आग्रह असा, की जिथे खोलीला एकच खिडकी आहे तिथे बाहेर उघडणारी झडपेची खिडकीच ठेवावी. बाहेर पाय ठेवायला जागा नाही आणि काच पुसायची अडचण आहे, तर किमान तीन ट्रॅक घ्यावेत. सरकत्या खिडकीच्या वर असलेला व्हेंटिलेटर बंद करू नये. चाळीतल्या झिलमिलीचं महत्त्व इथेच कळतं: पाऊस असतानाही तिच्यातून हवा येत राहते.

न्हाणीघर आणि संडासाच्या झरोक्याचं किमान माप संहितेत ०.३७ चौरस मीटर आहे. तिथे काचेच्या पट्ट्यांचा झरोका काढून बंद काच बसवणं धोक्याचं आहे. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर ते जिवावर बेतू शकतं, कारण अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो आणि त्याला वास नसतो. स्वयंपाकघरात पाइपचा गॅस असेल तर त्याच्या जोडणीच्या वेळी ठेवलेला हवेचा झरोकाही कायम ठेवा.

काच, कठडा, ग्रिल

काचेच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आयएस १६२३१ आहे. सेफ्टी ग्लासचं स्वतःचं मानक आयएस २५५३, भाग १. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की खिडकीची खालची कड जमिनीपासून ७५ सेंटिमीटरपेक्षा खाली असेल आणि बाहेर दीड मीटरपेक्षा खोल पडण्याचा धोका असेल, तर लॅमिनेटेड काच घ्यावी. टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली) काच माणसाला सहसा खोल कापत नाही, पण फुटली की तिचे दाणे होतात आणि जागेवर काहीच उरत नाही. लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पीव्हीबीच्या (प्लास्टिकच्या) थराला चिकटून चौकटीत राहते, म्हणून माणूस बाहेर जात नाही. ५ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १.५२ मिमीचा थर हे घरगुती कामात नेहमी मिळणारं माप आहे.

काचेचं वजन मिलिमीटरमागे दर चौरस मीटरला अडीच किलो धरा. ५ बाय ४ फुटांच्या खिडकीला ६ मिमीची काच साधारण २८ किलो भरते, आणि ६ मिमीच्या दोन काचांची हवाबंद जोडकाच ५६ किलो. जोडकाच घ्यायची तर रोलर आणि बिजागऱ्या त्या वजनाच्या आहेत का हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. हलके रोलर दबून जातात, मग काच ट्रॅकवर घासते आणि ‘खिडकी जड झाली’ म्हणून तक्रार येते. टफन्ड काच एकदा भट्टीतून काढल्यावर कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही. तिची ऑर्डर चौकट बसल्यावर, पुन्हा मापं घेऊनच द्यावी.

ग्रिल भिंतीच्या आत, ओपनिंगमध्येच असावं. प्रत्येक राहत्या खोलीतल्या एका तरी ग्रिलला निदान दोन बाय अडीच फुटांची बिजागरीची खिडकी ठेवा. तिचं कुलूप आतून उघडणारं असावं आणि किल्ली त्याच भिंतीवर टांगलेली असावी. आग लागली आणि जिना धुराने भरला तर अग्निशमन दलाला आत यायला आणि तुम्हाला बाहेर पडायला तीच वाट उरते. वेल्ड करून बंद केलेली ग्रिल चोराला अडवते आणि घरच्यांनाही अडवते.

चौकट काढण्याआधी भिंत वाचा

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं. मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणेही ३० वर्षांनंतर स्थिरतेचा दाखला लागतो. त्या अहवालात तुमच्या मजल्याच्या खिडक्यांबद्दल काय लिहिलं आहे ते समितीकडून मागून वाचा.

मग भिंतीकडे बघा. स्टीलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडा वर जात असेल तर गंजलेला सेक्शन फुगून भिंत ढकलतो आहे. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा घेतो, आणि चौकटीचे लग (तिला भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) काँक्रीटमध्ये गाडलेले असल्याने ताण थेट लिंटेलवर, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईवर, जातो. छज्ज्याच्या खालच्या बाजूला आडवी तडा किंवा तपकिरी डाग दिसला, हातोडीच्या हलक्या ठोक्याला पोकळ आवाज आला, तर आतली सळई गंजली आहे. अशा छज्ज्याच्या खाली अँकर (चौकट भिंतीला धरणारा स्क्रू) मारण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. छज्ज्यावर माणूस उभा करून काम करणं कधीच, कोणत्याही इमारतीत, चालवून घेऊ नका.

चुन्याच्या जोडणीतल्या विटांच्या भिंतीचा प्रकार वेगळा असतो. तिथे खिडकीच्या वर अनेकदा विटांची सपाट कमान असते आणि आतल्या अंगाला सागवानी पाट. पाट कुजला असेल तर वरची वीट प्रत्यक्षात चौकटीवर टेकलेली असते. चौकट काढली की विटा खाली येतात. अशा ठिकाणी आधी दोन बाजूंना उभे टेकू आणि वर आडवी फळी लावून भार घ्यायचा, मगच चौकटीला हात लावायचा. सागवानी चौकटीची वरची आणि खालची पट्टी दोन्हीकडे भिंतीत चार-सहा इंच घुसलेली असते. ती ओढून काढायची नसते. मध्ये करवतीने कापून आतल्या बाजूला सोडवायची.

मापं आणि साहित्य

रुंदी तीन ठिकाणी घ्या (वर, मध्ये, खाली), उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण. जुन्या ओपनिंगमध्ये दोन कर्णांत १५-२० मिमीचा फरक सर्रास निघतो. चौकटीचं माप सर्वांत लहान रुंदी-उंचीवरून काढायचं आणि प्रत्येक बाजूला ६ ते ८ मिमी जागा सोडायची. ओपनिंग गुण्यात (काटकोनात) नसेल तर भिंतीचं प्लास्टर नीट करा. चौकट भिंतीच्या वाकडेपणाला जुळवून तिरकी बसवली तर झडप कधीच नीट मिटत नाही. गंजलेले लग कापल्यावर कडा पुन्हा भराव्या लागतील, त्यामुळे अंतिम माप त्या दुरुस्तीनंतरच घ्या.

ॲल्युमिनियम घेतलं तर ॲनोडायझिंगची किंवा पावडर कोटिंगची, म्हणजे वरच्या संरक्षक थराची, जाडी लिहून घ्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ॲनोडायझिंग २० ते २५ मायक्रॉन, पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन असावं. यूपीव्हीसीच्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी हवी आणि ती कापून दाखवायला सांगावी. नुसतं यूपीव्हीसी मोठ्या खिडकीत वाकतं. वाऱ्याच्या भाराचं मानक आयएस ८७५, भाग ३ आहे. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. वरच्या मजल्यांवर भार आणखी वाढतो, म्हणून मोठ्या काचेसाठी जाडीचं गणित फॅब्रिकेटरकडून कागदावर मागून घ्या.

पाच बाय चार फुटांच्या एका खिडकीचा घेर साधारण साडेपाच मीटर असतो. तिला ८ मिमीच्या फटीसाठी १० मिमी जाडीची बॅकर रॉड (फटीत दाबायची फोमची दोरी) सहा मीटर, न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच्या दोन नळ्या (एक बाहेरून, एक आतून) आणि प्लगसह दहा अँकर स्क्रू लागतात. स्क्रू स्टेनलेस ३०४ चे घ्या, समुद्राजवळ ३१६ चे. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन मार्बलला आणि सिमेंटला लावू नये. त्याचं आम्ल चुन्याशी भिडतं आणि पकड सुटते.

सरकत्या खिडकीतून पाणी का येतं

वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये साधारण ०.६ गुणिले वेगाचा वर्ग इतका असतो. ताशी ७२ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला २० मीटरचा वारा २४० पास्कल दाब देतो. एक मिलिमीटर पाण्याचा दाब जवळपास ९.८ पास्कल असतो. म्हणजे असा वारा ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी २४ मिमी वर ढकलून धरतो. जुन्या दोन ट्रॅकच्या सेक्शनची आतली कड इतकीच किंवा त्याहून कमी उंच असते. पावसाळ्यातल्या जोरदार झडीत पाणी तिच्यावरून आत सांडतं ते या कारणाने. कितीही सिलिकॉन भरलं तरी ते थांबणार नाही, कारण पाणी सांध्यातून येतच नाही.

उपाय दोन आहेत. आतली कड ४० मिमीच्या आसपास असलेला पायऱ्यांचा ट्रॅक घ्यावा, आणि पाणी बाहेर जायला वीप होल नीट असावेत: ५ बाय ३० मिमीच्या चिरा, दोन्ही टोकांना आणि मध्ये साधारण ६० सेंटिमीटरवर एक, बाहेरून झाकणीसह. गवंड्याने सिमेंटचा हात फिरवताना हे वीप होल बुजवणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. बाहेर उघडणाऱ्या झडपेला हा त्रास कमी असतो, कारण वारा तिला चौकटीच्या रबरावर आणखी दाबून धरतो.

काढणी आणि बसवणी

काम ऑक्टोबर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. एका दिवशी एकाच खोलीची खिडकी उघडी करा. खाली अंगणात दोरी लावून जागा बंद करा, बाहेरच्या बाजूला काम करणाऱ्याला पूर्ण शरीराचा सेफ्टी बेल्ट द्या आणि तो बेल्ट ग्रिलला न अडकवता आतल्या पक्क्या आधाराला बांधा.

जुन्या काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून ती आधी काढा. जुन्या तेलरंगात आणि स्टीलखालच्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासूनच आली. तो रंग कोरडा घासू नका, दिव्याने जाळूही नका. ओला करून खरवडा, मुलांना त्या दिवशी घराबाहेर ठेवा. स्टीलचे लग ग्राइंडरने कापा. घणाने उपटले तर लिंटेलचा कोपरा त्यांच्यासोबत येतो.

कडा झाडून ओल्या करा, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा आणि सात दिवस पाणी मारा. हे सात दिवस वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो. ओल्या, कच्च्या कडेत अँकर पहिल्याच पावसाळ्यात ढिले होतात.

खालचा उंबरा म्हणजे ग्रॅनाइट किंवा कडप्प्याची १८-२० मिमीची पट्टी. तिच्याखाली वॉटरप्रूफ कोटिंग करून ते दोन्ही बाजूंच्या कडांवर सहा इंच चढवा. पट्टीला बाहेर उतार द्या, ती प्लास्टरच्या बाहेर २५-३० मिमी काढा आणि तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, पाणी तोडणारी खाच मारून घ्या. खाच नसेल तर पाणी पट्टीखालून उलटं वाहत भिंतीत जातं आणि खालच्या मजल्यावाल्याच्या छताजवळ डाग पडतो.

चौकट प्लास्टिकच्या पॅकरवर टेकवा. पाणसळीने आडवी, ओळंब्याने उभी, टेपने दोन्ही कर्ण तपासा. कर्णांतला फरक ३ मिमीच्या आत हवा. पहिला अँकर कोपऱ्यापासून १५ सेंटिमीटरवर, पुढचे ६० सेंटिमीटरपेक्षा दूर नाहीत. वर चार, बाजूंना तीन-तीन. खालच्या ट्रॅकला भोक पाडायचं टाळा. पाडावंच लागलं तर स्क्रूचं डोकं सिलिकॉनमध्ये बुडवा. चुन्याच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि सांधा सोडून विटेच्या मध्यावर भोक घ्या. स्क्रू घट्ट करताना चौकट आत ओढली जात नाही ना, हे प्रत्येक वेळी पुन्हा टेप लावून बघा.

फटीत पीयू फोम (फवारल्यावर फुगणारा फोम) भरला तर तो हवा अडवेल, पाणी अडवणार नाही. बाहेरून बॅकर रॉड दाबून त्यावर सिलिकॉन ओढावं, थराची जाडी ६ मिमीच्या आसपास. भिंत कोरडी आणि धूळ पुसलेली असावी. ओलसर प्लास्टरवर सिलिकॉन चिकटल्यासारखं दिसतं आणि महिन्याभरात सोलून येतं. ॲल्युमिनियमवरची संरक्षक फिल्म सिमेंटचं काम संपेपर्यंत काढू नका, कारण ओल्या सिमेंटचा डाग ॲल्युमिनियमवरून निघत नाही.

पाण्याची चाचणी

सिलिकॉन पक्कं व्हायला तीन-चार दिवस द्या. मग आधी ट्रॅकमध्ये तांब्याने पाणी ओता आणि ते वीप होलमधून बाहेर जातं का बघा. त्यानंतर बाहेरून नळीने पाणी मारा, पण खालून वर या पद्धतीने: उंबरा, मग दोन्ही बाजू, मग वरचा सांधा, प्रत्येक टप्प्याला निदान पाच मिनिटं. आतून एकजण कोपऱ्यांवर टॉर्च धरून बसलेला असावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे वाहतं आणि गळती नेमकी कुठली हे कळत नाही.

फॅब्रिकेटरचे शेवटचे २० टक्के पैसे या चाचणीनंतर द्यायचे असं कोटेशनमध्येच लिहून घ्या. सोबत काचेवरचा मानकाचा शिक्का दिसेल असा फोटो, सेक्शनचं आणि कोटिंगचं प्रमाणपत्र, आणि चौकट बसण्याआधीच्या उघड्या कडांचे फोटो सोसायटीच्या फाइलला लावा. पुढच्या संरचनात्मक परीक्षणाच्या वेळी इंजिनिअर पहिल्यांदा त्या उघड्या कडांचेच फोटो मागेल.